सात ओळी आणि एक फडकं

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तीन गोष्टी होत्या: चालायची काठी, औषधांची पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेला एक कीबोर्ड. औषधं त्यांनी माझ्या हातात दिली, काठी ह्यांच्या हातात कोंबली, आणि कीबोर्ड मात्र तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून, दुसऱ्या हाताने कठडा पकडत आमच्या दारातल्या तीन पायऱ्या चढल्या.

"ताई, कपड्यांची बॅग?" ह्यांनी विचारलं.

"राहिली वाटतं, बाळ्या. आण की संध्याकाळी. अंगावर आहेत ना तोवर?"

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. वय चौपन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र दोन खोल्या ओलांडून जाईल असा. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "वेळापत्रकात बसलं नाही." हे त्यांना शोभतंही, कारण शहराच्या बसगाड्यांचं वेळापत्रक गेली सव्वीस वर्षं त्याच बनवतात. डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर वेळापत्रक विभाग आहे. विभाग म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि वन्सं. वर्षातून दोनदा नवं वेळापत्रक निघतं. अशी एक्कावन्न झाली, आणि बावन्नावं तोंडावर आलं असताना त्यांच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जिने बंद केले.

डेपोला नवे साहेब आले होते. फोनवर बोलायला फार गोड. वन्संनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाई, तुम्ही आता आराम करा. एका कंपनीने प्रस्ताव दिलाय, ते सगळं वेळापत्रक नकाशावरून आपोआप काढून देतात."

"साहेब, मी घरून करते. पूर्वी सुट्टीतही केलंय. तिकडचं मशीन इथून उघडता येतं मला."

"बघा बाई, झेपेल का? वयाप्रमाणे... शिवाय आता हे ऑपरेशन."

"झेपेल."

"ठीक. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी दुपारी बारापर्यंत तुमचं येऊ द्या. कंपनीचंही येईल. दोन्ही शेजारी ठेवून बघू. तुमचं आलं नाही किंवा चुका निघाल्या तर मग मात्र... हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जागा आहे. बसून काम. तळमजल्यावर."

फोन ठेवल्यावर वन्संनी आपल्या गुडघ्याकडे रागाने बघितलं. मग म्हणाल्या, "चार वर्षं राहिलीत माझी. चार वर्षं लोकांच्या छत्र्या सांभाळू?"

मागच्या खोलीत खिडकीशी आम्ही टेबल लावलं. ह्यांचा जुना लॅपटॉप ठेवला, त्याला वन्संनी आपला कीबोर्ड जोडला. तो कीबोर्ड बघण्यासारखा होता. पाट्यासारखा जड, आणि अर्ध्याअधिक बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली. एस्केपचं बटण तर इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात खिडकी दिसायची. मी माउस शोधून आणला तर त्यांनी तो दोन बोटांत शेपटीला धरून उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"हा कशाला गं?"

"मग काम कसं करणार?"

"बोटांनी."

आणि पडदा काळा झाला. नुसता काळा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, खुणा नाहीत, दाबायला काही नाही. वन्संनी एक ओळ टाइप केली की डेपोतलं मशीन उघडायचं, दुसरी ओळ टाइप केली की त्यात वेळापत्रकाची फाइल उघडायची. मला वाटलं, बिघडलाच लॅपटॉप. पण त्यांची बोटं सुरू झाली आणि ओळी पळायला लागल्या. इथली ओळ उचलली, तिथे ठेवली. एका ठोक्यात शब्द गायब, दुसऱ्या ठोक्यात चाळीस ठिकाणचा आकडा बदललेला. हात मनगटापासून हलत नव्हते. मी हातात लाटणं धरल्यासारखी झाडणी धरून दहा मिनिटं बघत उभी राहिले.

"यात लिहायचं कुठे आणि पुसायचं कुठे, कळतं कसं तुम्हाला?"

"तुझ्याकडे शिवणयंत्र आहे ना? त्याचा दाबपाय खाली असला की काय होतं?"

"टाका पडतो."

"आणि वर उचलला की?"

"कापड हवं तसं सरकवता येतं."

"हे तसंच. पाय खाली, तेव्हा जे बटण दाबशील ते अक्षर उमटतं. पाय वर, तेव्हा अक्षर उमटत नाही, प्रत्येक बटण म्हणजे एक हुकूम. वर जा, खाली जा, ही ओळ काप, ती चिकटव. एस्केप दाबलं की पाय वर. मी उठताना नेहमी पाय वर करून उठते."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी झाडणी घेऊन पुढच्या खोलीत गेले होते.

हे सगळं त्या शिकल्या कशा, तर एका चष्मेवाल्या इंजिनिअरकडून. तो मशीन बसवायला आला, आत कसं शिरायचं ते दाखवलं, मशीनचं बटण कधीही थेट बंद करायचं नाही अशी तंबी दिली आणि चहाला गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही. वन्सं आत शिरल्या. लिहिलं. आणि बाहेर पडता येईना. सगळी बटणं दाबून झाली. कार्यालय सुटलं, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. शेवटी त्यांनी पडद्यावर कागद चिकटवला: "कुणीही हात लावू नये. मी आत अडकले आहे." दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने तो कागद वाचला आणि हसता हसता खुर्चीत बसला. मग त्याने बाहेर पडायचा हुकूम सांगितला: कोलन, डब्ल्यू, क्यू. म्हणजे लिहिलेलं जपून ठेव आणि बाहेर ये. आणि लिहिलेलं नकोच असेल तर कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह.

तेव्हापासून डेपोत कुणी नवं आलं की वन्सं पहिला धडा तोच देतात. "आत जायला कुणीही शिकवेल. आधी बाहेर पडायला शीक."

हे हुकूम त्यांच्या अंगात इतके मुरलेत की फोनवरच्या निरोपाच्या शेवटीही कोलन डब्ल्यू क्यू येतं. "पोचले" असं लिहून पुढे ही शेपटी. आमच्या घरी आता ती त्यांची सही मानतात. आणि नातेवाइकांत एखादे काका आपल्या जमिनीच्या दाव्याची कथा पहिल्यापासून सुरू करू लागले की वन्सं माझ्याकडे कलून हळूच म्हणतात, "कोलन, क्यू, उद्गारचिन्ह." यातलं काहीही साठवायचं नाही, थेट बाहेर. मग मला हसू दाबायला आत पाणी आणायला जावं लागतं.

तीन आठवडे काम जोरात चाललं. वन्संची एक रीत होती, ती मला त्या दिवसांत कळली. एका बसमधून उतरून दुसरी पकडायची असेल तर मधलं अंतर त्या स्वतः चालून बघतात. मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स, आणि चालायचं. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायका रात्रपाळी संपवून सकाळी पूल ओलांडून सत्तावीस नंबरची बस गाठतात, म्हणून त्या बायकांच्या मागोमाग त्या चार दिवस चालल्या होत्या आणि सहा चाळीसची बस सहा बेचाळीसला नेली होती. "दोन मिनिटांनी काय होतं?" असं तेव्हाच्या साहेबांनी विचारलं होतं. "बस मिळते," वन्सं म्हणाल्या होत्या.

यंदा नवी मंडई सुरू झाली होती. तिथून चौकातल्या थांब्यापर्यंत किती वेळ लागतो ते बघायला वन्संना जाता येईना.

"तू जा," त्या मला म्हणाल्या.

मी गेले, आले. "चार मिनिटं."

"पिशवीत काय होतं?"

"काही नाही. रिकामीच होती."

"रिकामी पिशवी घेऊन मंडईतून कोण बाहेर पडतं गं? परत जा. बटाटे, कांदे, एक भोपळा घे. आणि रस्ता ओलांडताना धावायचं नाही."

मी परत गेले. भोपळ्यासकट सहा मिनिटं. वन्संनी सहा लिहिलं, आणि त्या थांब्यावरच्या सहा नव्या फेऱ्या त्या हिशोबाने लावल्या. आठवडाभर आमच्याकडे भोपळा होता.

मात्र एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. भूल दिल्यापासून त्या थोडं विसरायला लागल्या होत्या. एकदा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीचं नाव रोज नव्याने विचारायच्या. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या, पण एकदा मी भाजी निवडत बसले असताना म्हणाल्या, "पूर्वी डोळे मिटले की सगळं वेळापत्रक दिसायचं गं मला. ओळ न् ओळ. आता मधेच धूसर होतं."

"औषधांमुळे होत असेल."

"साहेब म्हणाले ना, वयाप्रमाणे."

"साहेबांचं वय झालं की त्यांनाही कळेल," मी म्हटलं. त्या हसल्या, पण अर्धवट.

बुधवारी सकाळी दहाला हे वन्संना व्यायामाला घेऊन गेले. मी मागच्या खोलीत पुसायला गेले. फडकं ओलं करून घट्ट पिळलेलं होतं. टेबलावर पावाचे कण, आणि कीबोर्डवर जामचे दोन डाग. एक सातच्या आकड्यावर, एक मधल्या रांगेतल्या, डावीकडून तिसऱ्या अक्षराच्या बटणावर. सातवरचा नखाने गेला. दुसरा चिवट होता, त्या बटणावर फडकं दाबून दोनदा घासलं. मग म्हटलं, हात लागलाच आहे तर सगळाच पुसून काढू.

मान वर केली तर पडद्यावर नुसत्या अक्षरांची रांग. कसलीतरी अक्षरं, अर्थ ना बिर्थ. मागे पुसायचं बटण मला ठाऊक होतं. ते धरून ठेवलं, रांग संपेपर्यंत. तेवढ्यात धुलाईयंत्राची शिट्टी वाजली, सव्वादहा झाले होते. पडदा होता तसा दिसत होता. मी फडकं घेऊन बाहेर आले आणि कपडे वाळत घातले. अकराला वन्सं आल्या, खुर्चीत बसता बसता सवयीने एस्केप दाबलं आणि कामाला लागल्या. काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. म्हटलं, उगाच कशाला, झालं तर काही नाही.

गुरुवारी अकराला मी चहा घेऊन गेले तेव्हा काम संपलं होतं. वन्संनी खुर्चीतल्या खुर्चीत आळस दिला. "घे. बावन्नावं. आता शेवटचं एकदा जपून ठेवते आणि पाठवून देते."

जपून ठेवलं की पडद्याच्या तळाशी एक आकडा येतो, फाइलमध्ये एकूण ओळी किती त्याचा. परीट कपडे मोजून घेतो तशा वन्सं तो आकडा वाचतात. यावेळी तो वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"तेराशे सतरा."

"मग?"

"मागच्या वेळच्या तेराशे अठरा. मंडईच्या सहा वाढल्या. तेराशे चोवीस हव्यात." त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "सात कमी आहेत. सात ओळी म्हणजे सात फेऱ्या. सात बस गेल्या कुठेतरी."

"जुन्या वेळापत्रकाशी ताडून बघता नाही येणार?"

"नऊशे ओळींत काही ना काही बदललंय मी. एकेक बघायला दोन दिवस लागतील." घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ. मग उघडले. "नाही दिसत. कुठल्या गेल्या, कधी गेल्या, काही आठवत नाही. माझ्याच हातून गेल्या असणार. तीन आठवड्यांत आणखी काय काय केलं असेल मी? यातल्या कशाचाच भरवसा नाही आता."

"अहो, असं काय करता?"

"फोन दे मला. साहेबांना सांगते, कंपनीचं घ्या म्हणून. चुकीचं देण्यापेक्षा न दिलेलं बरं. लोक थांब्यावर उभे राहतील गं, आणि बस यायचीच नाही." आवाज नेहमीसारखा दोन खोल्यांपलीकडे गेला नाही, टेबलाच्या कडेशीच थांबला. "छत्र्या तर छत्र्या."

फोन माझ्याच हातात होता. तो मी पाठीमागे धरला.

"वन्सं, मी काल कीबोर्ड पुसला."

"काय?"

"ओल्या फडक्याने. तुम्ही व्यायामाला गेला होतात तेव्हा. पडद्यावर काहीतरी अक्षरं आली, ती मी खोडली. सांगितलं नाही तुम्हाला. घाबरले."

मला वाटलं आता गडगडाट होणार. पण त्या खुर्चीत सावरून बसल्या, चष्मा नाकावर नीट केला, आणि एखाद्या फौजदारासारख्या विचारू लागल्या.

"आधी कुठे पुसलंस?"

"सातवर."

"का?"

"जाम होता."

"मग?"

"मग इथे." मी मधल्या रांगेतलं ते डावीकडचं बटण दाखवलं. त्यावरचं अक्षर कधीच झिजून गेलेलं.

"इथेही जाम?"

"हो."

"किती वेळा घासलंस?"

"दोनदा. चिवट होता."

वन्संनी टेबलावर थाप मारली, चहा बशीत सांडला. "सात, डी, डी! अगं भावजयबाई, सात ओळी काप असा हुकूम सोडलास तू! माझ्या सव्वीस वर्षांत कुणी फडक्याने हुकूम सोडला नव्हता!" आणि त्या हसायला लागल्या. इतक्या की गुडघा दुखला म्हणून "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. "म्हणजे मी नाही केलं. मी नाही केलं ते!"

"नाही हो. मी केलं."

"जाम कुणाचा होता पण?"

"तुमचाच. तुम्हीच इथे बसून खाता."

"मग अर्धा गुन्हा माझा. बरं, आता आठव. नेमके किती वाजले होते?"

"सव्वादहा. मी खोडत असतानाच कपड्यांची शिट्टी झाली."

"आत्ता अकरा दहा. कालपासून ही फाइल मी बंद केलेली नाही, म्हणजे हिला सगळं आठवतंय. माझ्यापेक्षा बरी आहे." त्यांनी कोलन दाबलं, एक शब्द लिहिला, पुढे पंचवीस. "पंचवीस तास मागे चल, असं सांगितलं. काल सकाळचे दहा दहा. तू फडकं पिळत होतीस तेव्हा."

एक ठोका, आणि वेळापत्रक कालच्या सकाळचं झालं. मी तोंडावर हात ठेवला. असं मागे जाता येत असेल तर माणसाला किती ठिकाणी उपयोग होईल, या विचारात मी असतानाच वन्संनी पडद्यावर बोट ठेवलं. सत्तावीस नंबर. इस्पितळ ते कापडगिरणी. सकाळच्या सात फेऱ्या, ओळीने. दुसरीच होती सहा बेचाळीसची.

"बघ, धुलाईघराच्या बायकांनाच उडवलंस. पूल ओलांडून आल्या असत्या आणि थांब्यावर बसच नाही."

"माफ करा."

"माफी नंतर. आता तूच बस इथे."

"मी?"

"काल कापलंस, आज उचल. सात दाब. नखाने नको, बोटाने. आता वाय. पुन्हा वाय. बास. सात ओळी उचलल्या गेल्या, तुझ्या ओंजळीत आहेत. सांडू नकोस."

मग त्यांनी पंचवीस तास पुढे चल असं सांगितलं, आणि आम्ही दोघी आजच्या दिवसात परत आलो. मंडईच्या सहा फेऱ्या जागेवर, नऊशे बदल जागेवर. सत्तावीस नंबरची जागा त्यांनी शोधून दिली, "पी दाब" म्हणाल्या, मी दाबलं, आणि सातही ओळी खालून वर याव्यात तशा अलगद येऊन बसल्या. वन्संनी जपून ठेवलं. तळाशी आकडा आला.

आम्ही दोघींनी एकदमच वाचला. "तेराशे चोवीस."

तरी त्यांनी लगेच पाठवलं नाही. डोळे मिटले आणि सत्तावीस नंबरच्या दिवसभराच्या फेऱ्या तोंडपाठ म्हटल्या, शेवटच्या गाडीपर्यंत. मी पडद्यावर ताडून बघत होते. एकही चुकली नाही. बाराला दहा कमी असताना फाइल गेली. सांडलेला चहा बशीतून पिऊन टाकत त्या म्हणाल्या, "धूसर नाहीये गं. भीतीने डोळे मिटले की काय दिसणार, डोंबल?"

चारला साहेबांचा फोन आला. आम्ही दोघी स्पीकरशी वाकून.

"बाई, दोन्ही शेजारी ठेवली आहेत. एक विचारायचं होतं. नवी मंडई ते चौक, कंपनी म्हणते तीन मिनिटं. तुम्ही सहा धरलीत. नकाशावर तर तीनच दिसतात."

"नकाशाच्या हातात पिशवी नसते साहेब."

"म्हणजे?"

"आमच्या घरातून माणूस पाठवून मोजलंय. भोपळा घेऊन."

साहेब म्हणाले, "मी उद्या स्वतः चालून बघतो."

"भरल्या पिशवीने हं."

दुसऱ्या दिवशी फोन आला तो हसतच. "बाई, मला सात लागली."

"तुम्ही फोनवर बोलत चालला असाल."

"...हो."

"मग सहाच बरोबर."

कंपनीचं वेळापत्रक कपाटात गेलं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं. वन्संची चार वर्षं दुसऱ्या मजल्यावरच राहिली, आणि साहेबांनी जाता जाता असंही विचारलं म्हणे की हे काळ्या पडद्याचं प्रकरण मला शिकवाल का. वन्सं म्हणाल्या, "शिकवते. आधी बाहेर पडायला."

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी मला झोप आवरेना, तरी उठले आणि सकाळी इस्पितळाच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. सहा चाळीसला पुलावरून पाचसहा बायका हसत, एकमेकींना हाका मारत आल्या. धावत नव्हत्या. सहा बेचाळीसला बस आली. त्यातली एक चढताना मला म्हणाली, "ताई, यायचं का?" मी नाही म्हटलं, तर "मग उभ्या कशाला थंडीत?" असं म्हणून ती आत गेली. घरी येऊन वन्संना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "बेचाळीसला म्हणजे बेचाळीसला ना?"

सहा आठवडे संपले आणि डॉक्टरांनी जिने उघडले. वन्संनी कीबोर्ड टॉवेलात गुंडाळला, काठी घेतली आणि ह्यांच्याबरोबर निघाल्या. मी मागची खोली पुसायला घेतली. टेबलावर कीबोर्डच्या आकाराची चौकट राहिली होती, तिच्या आत धूळ नाही, तिच्या कडेने पावाचे कण. तेवढ्यात फोनवर निरोप आला.

"पोचले. दोन्ही जिने चढले, मधे एकदाच थांबले. चष्मा साखरेच्या डब्यात राहिलाय, बाळ्याबरोबर पाठव. कोलन डब्ल्यू क्यू."

साखरेच्या डब्यात नव्हता. मी तसं कळवलं. लगेच उत्तर आलं, "मग तांदळाच्या बघ की."

तिथे होता.